उकिरड्याचा पांग

मराठी वाचकाला हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ हे नाव ठाऊक असलेच तर ते पोवाड्यांमुळे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने गोंधळ्यांच्या तोंडून उतरवून घेतलेले इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे या मुलकी अंमलदाराने १८९१ मध्ये छापून काढले, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे जे दप्तर केवळ गाणाऱ्यांच्या कंठात होते ते कागदावर आणले. हा उपकार आपण विसरलेलो नाही. परंतु हे ग्रंथकार्य चालू असतानाच हे गृहस्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आणि शहराच्या रस्त्यांवर भीक मागत फिरणाऱ्या निराश्रित कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी १८९० मध्ये माटुंग्यास एक आश्रम उघडला, ही गोष्ट वडाळ्याच्या कुष्ठरुग्णालयास आजही त्यांचेच नाव असूनही फारशी कोणाच्या ध्यानात नसते. त्याहून अधिक विस्मृतीत गेलेली गोष्ट अशी, की शेण, मैला, पाचट, पेंढा अशा कुजणाऱ्या पदार्थांतून जळणारा वायू काढून त्यास कामाला जुंपण्याची जी विद्या पुढे खेड्यापाड्यांत पोचली, तिच्या हिंदुस्थानातील इतिहासाचा आरंभ याच आश्रमाच्या आवारात करावा लागतो.

इंग्लंडातील एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास मैलापाणी झाकलेल्या टाकीत कुजू देण्याची पद्धत प्रचारात आणली होती, आणि त्या टाकीतून सुटणाऱ्या वायूवर तेथे दिवेही लागले होते. ती कल्पना मुंबईस पोचण्यास विलंब लागला नाही. माटुंग्याच्या आश्रमात शेकडो रोगी एकत्र राहत, त्यांचे मैलापाणी शहराच्या गटारांपासून दूर तिथल्या तिथेच निर्मल करणे भाग होते, आणि ते आश्रमाच्या शेतीस देण्याचाही हेतू होता. तेव्हा ते बंद टाकीत मुरवावे, वायू निराळा काढून घ्यावा व उरलेले पाणी पिकास सोडावे असा बेत ठरला. १८९७ च्या सुमारास, म्हणजे प्लेगाने मुंबई अर्धी ओस पडली होती त्या दिवसांत, या वायूवर आश्रमातील दिवाबत्ती होऊ लागली आणि पुढे काही वर्षांनी त्यावर इंजिनही चालविण्यात आले. म्युनिसिपालिटीचे ड्रेनेज इंजिनिअर सी. कार्कीट जेम्स यांनी पौर्वात्य शहरांतील मैलापाण्याच्या प्रश्नावर १९०६ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो याच अनुभवाच्या पायावर उभा आहे.

येथे एका प्रमादाचा निर्देश केल्यावाचून पुढे जाववत नाही. अनेक पुस्तकांत, आणि त्यांवरून उतरविलेल्या पत्रकांत, माटुंग्याच्या या टाकीचे वर्ष १८५९ असे बिनदिक्कत छापलेले आढळते. जो आश्रम १८९० मध्ये उघडला गेला त्याच्या आवारात एकतीस वर्षे आधी टाकी कोणी व कोणासाठी बांधली, हा साधा प्रश्न त्या लेखकांपैकी एकालाही पडलेला दिसत नाही. पहिलेपणाचा मान आपल्या पदरात पडावा ही हौस समजण्यासारखी आहे. पण नकलेवरून नक्कल करीत गेल्याने सनद खरी ठरत नाही.

या वायूची ओळख मात्र त्याहून पुष्कळ जुनी होती. इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मॅग्योरे सरोवराच्या काठी, अंगेरा गावाजवळ, दलदलीचा तळ काठीने ढवळला, वर आलेले बुडबुडे पाण्याने भरलेल्या उपड्या बाटलीत धरले आणि तो वायू निळ्या ज्योतीने जळतो हे पाहिले. त्याच्या दहा वर्षे आधी हेन्री कॅव्हेंडिश यांनी धातूंवर आम्ल ओतून एक ज्वालाग्राही वायू मिळविला होता, ज्यास पुढे हायड्रोजन हे नाव पडले; दलदलीतला वायू त्याच्याहून निराळा, सावकाश जळणारा, हे व्होल्टा यांनी ओळखले. आज आपण ज्यांना मिथेन आणि हायड्रोजन म्हणतो ते हे दोन वायू, आणि त्यांची पुन्हा गाठ कोठे पडली ते या लेखाच्या उत्तरार्धात येईलच.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मार्मिक प्रयोग व्होल्टा यांचा नव्हे, तर हम्फ्री डेव्ही यांचा. १८०८ मध्ये त्यांनी गुरांच्या गोठ्यातील कुजू लागलेले गरम खत एका मोठ्या रिटॉर्टमध्ये भरले आणि त्यातून सुटणारे वायू तपासले; त्यांत कार्बॉनिक आम्लवायूबरोबर जळणारा वायूही निघाला. परंतु तो पेटवून अन्न शिजवावे असा विचारही त्यांच्या मनास शिवला नाही. तसल्याच खताने भरलेल्या दुसऱ्या रिटॉर्टचे तोंड त्यांनी बागेतील हिरवळीच्या मुळांखाली नेऊन ठेवले, आणि आठवडाभरात तेवढ्याच तुकड्यावरचे गवत इतरांहून जोमाने वाढल्याचे नमूद केले. उकिरडा उघड्यावर कुजत ठेवणे म्हणजे शेताच्या हक्काची दौलत हवेत उडविणे होय, हा त्यांचा निष्कर्ष होता. ज्यास आपण इंधन म्हणून मिळकतीच्या बाजूस मांडतो ते डेव्ही यांनी शेताच्या तुटीच्या बाजूस मांडले, आणि पुढील दोन शतकांत या धंद्यात जे जे वाद झाले ते बहुतेक या दोन बाजूंमधलेच आहेत.

हिंदुस्थानात हा वाद शेणाच्या रूपाने उभा राहिला. रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना सरकारने येथील शेतीची पाहणी करण्यास पाचारण केले होते. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. रयत शेणाच्या गोवऱ्या थापून जाळते आणि शेताला उपाशी ठेवते, ही साहेबलोकांची नेहमीची तक्रार. पण व्होल्कर यांनी रयतेच्या अडाणीपणावर खापर फोडले नाही. जळाऊ लाकूड जेथे मिळते तेथे शेतकरी शेण जाळत नाही, जेथे मिळत नाही तेथे त्याला दुसरा उपाय नाही, तेव्हा सरकारने सरपणाची व चाऱ्याची राने राखावीत, असा त्यांचा स्वच्छ अभिप्राय होता. राने राखली गेली ती बहुशः जंगलखात्याच्या उत्पन्नासाठी, आणि गोवऱ्यांचे कलवड रचले जातच राहिले.

शेण जाळावे आणि खतही गमावू नये, हे दोन्ही एकाच वेळी साधेल असा मार्ग काढण्याचा पद्धतशीर प्रयत्न दिल्लीच्या इंपीरियल कृषिसंशोधन संस्थेत झाला. ही संस्था मूळची बिहारातील पुशाची. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारत ढासळल्यावर तिचे बिऱ्हाड राजधानीत आले, आणि १९३९ च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनी तेथे शेणाच्या वायूवर प्रयोग केले. शेण पाण्यात कालवून हवाबंद कुजविले तर त्यातला जळणारा अंश वायुरूपाने निघतो आणि नत्र मात्र मागे उरणाऱ्या पातळ काल्यात, म्हणजे रबडीत, राहते, म्हणजे चूलही पेटते व शेतही उपाशी राहत नाही, हा या विद्येचा सारा आधार होय.

प्रयोगशाळेतील या सत्याला खेड्यात राहील असे शरीर दिले ते जशभाई पटेल यांनी. १९५१ मध्ये त्यांनी सिद्ध केलेल्या यंत्राचे नाव 'ग्रामलक्ष्मी'. जमिनीत विहिरीसारखी विटांची गोल टाकी बांधावयाची, तिच्या एका अंगास शेणकाला ओतण्याची कुंडी व दुसऱ्या अंगास रबडी बाहेर पडण्याची वाट ठेवावयाची, आणि वर लोखंडी पत्र्याची मोठी टोपी उपडी तरंगत ठेवावयाची. वायू साठत जाईल तशी टोपी वर चढते, शेगडी पेटविली की आपल्या वजनाने खाली बसते, आणि त्या वजनामुळेच वायूचा दाब सदैव सारखा राहतो. या रचनेत घरधन्याला मोजमापाचे कोणतेही यंत्र लागत नाही, टोपी किती वर आहे ते अंगणातून पाहिले की स्वयंपाक पुरा होईल की नाही ते समजते. यंत्ररचनेतील असा सरळपणा फार क्वचित आढळतो. मुंबईत ठाणे असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६१-६२ पासून हीच रचना आपलीशी करून तिचा प्रसार हाती घेतला, बोरीवलीच्या कोरा केंद्रात तिचे संशोधन चालविले, आणि 'गोबर गॅस' हा शब्द मराठी घरांत रूढ झाला.

हिशेब असा होता. एक जनावर दिवसास सुमारे १० किलो शेण देते, एका किलोतून साधारण ४० लिटर वायू सुटतो, त्यात पंचावन्न ते साठ टक्के मिथेन व उरलेला बहुतेक कार्बन डाय-ऑक्साइड. एका बेताच्या कुटुंबाच्या स्वयंपाकास लागणारा २ घनमीटर वायू हवा असेल तर रोज ५० किलो शेण, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे पाहिजेत. दावणीला चार-पाच जनावरे असणारा कुणबी म्हणजे गावातला सुस्थित मनुष्य. ज्याच्या घरी एकच शेळी, जो दुसऱ्याच्या बांधावरून सरपण वेचून आणतो, त्याच्यासाठी ग्रामलक्ष्मी प्रसन्न होण्याचा प्रश्नच नव्हता. उलट, जे शेण गाईमागे फिरून मोलमजुरी करणाऱ्या बायका पाटीभर गोळा करीत, ज्यावर आजवर कोणी मालकी सांगितली नव्हती, त्याला टाकीमुळे मोल आले आणि ते मालकाच्या आवाराबाहेर पडेनासे झाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारने अनुदानाची थैली मोकळी सोडली, १९८१-८२ पासून राष्ट्रीय प्रकल्पच सुरू झाला, दरखास्ती, मंजुऱ्या व हप्ते यांचा रीतसर कारभार उभा राहिला, आणि देशभरच्या टाक्यांची नोंद कालांतराने ५० लाखांच्या घरात गेली; त्या नोंदीत महाराष्ट्र अग्रभागी आहे. परंतु नोंद बांधलेल्या टाक्यांची असते, पेटणाऱ्या शेगड्यांची नव्हे, हे ज्याने खेडे पाहिले आहे त्याला सांगावयास नको.

या बाबतीत कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील पुरा या लहानशा गावाचे उदाहरण मला फार बोधप्रद वाटते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे साऱ्या गावाची मिळून एक टाकी बांधली. गावातले सारे शेण एकत्र करूनही सगळ्यांच्या चुली पेटतील इतका वायू मिळेना, तेव्हा तो हट्ट सोडून वायूवर इंजिन चालवावे, विहिरीचे पाणी नळाने घरोघर न्यावे व रात्री दिवे लावावेत असा निर्णय झाला. कुष्ठाश्रमात जे घडले होते तेच, दिवा आणि इंजिन, सुमारे नव्वद वर्षांनी एका खेड्याने निवडले. याहून महत्त्वाचे म्हणजे ज्याने जितके शेण घातले त्याला तितक्या प्रमाणात रबडी परत मिळे, आणि शेण आणून घालणाऱ्या बायकांना त्याचा मोबदलाही मिळे. शेताचे देणे शेताला पोचविण्याची ही व्यवस्था वायूच्या कोणत्याही यंत्राहून दुर्मिळ आहे.

टाकीच्या पुढील अवतारांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. लोखंडी टोपी महाग आणि गंजणारी, म्हणून चिनी धर्तीवर विटांचा अचल घुमट बांधण्याची 'जनता' रचना १९७८ मध्ये उत्तर प्रदेशात आणि तीहून स्वस्त अशी 'दीनबंधू' रचना १९८४ मध्ये निघाली. महाराष्ट्रात मात्र या विद्येने मैल्याकडची आपली जुनी वाट सोडली नव्हती. ज्या अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून १९३२ मध्ये अन्नत्याग केला आणि ज्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यास गांधीजींनीही उपवास आरंभिला, त्यांनी पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सोनखताचा व संडासाचा प्रश्न आयुष्यभर उचलून धरला. त्यांच्याकडून प्रेरणा घेतलेले डॉ. सुहास मापुस्कर १९५९ मध्ये देहूच्या आरोग्य केंद्रात आले, तेथेच त्यांनी उभे आयुष्य काढले आणि संडासास जोडलेली 'मलप्रभा' नावाची वायूची टाकी त्या गावात रुजविली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तुकोबांच्या गावी वारीच्या दिवसांत काय अवस्था होत असे याची ज्यांना कल्पना आहे त्यांना हे काम केवढे होते ते कळेल.

आता शेतातल्या मालाकडे वळू. पिकांच्या ताटांतून वायू काढण्याचा पहिला भारी उद्योग अमेरिकेत इलिनॉय येथे झाला, जेथे आर्थर बसवेल व त्यांचे सहकारी सी. एस. बोरुफ यांनी १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत मक्याच्या धाटांवर प्रयोग केले. कोणत्या पदार्थातून किती मिथेन निघेल हे त्याच्या रासायनिक घडणीवरून सांगणारे बसवेल यांचे समीकरण आजही विद्यार्थी शिकतात. पण त्यांना खरा त्रास झाला तो समीकरणाबाहेरचा. शेण बुडते, धाटे तरंगतात. ती वर येऊन जाड थर धरतात, खालच्या जंतूंना ती मिळत नाहीत आणि वायूची वाट अडते. शिवाय काष्ठद्रव्याने बांधलेला तंतू जंतूंना सहजी फोडता येत नाही. गाईच्या चार कोठ्यांच्या पोटाने अर्धे काम आधीच करून दिलेले शेण आणि शेतातून थेट आलेला कडबा यांत जो फरक आहे तो हाच.

या फरकाचा उलटा उपयोग पुण्यात आनंद कर्वे यांनी केला, आणि त्यांची युक्ती इतकी सरळ आहे की ती आधी कोणाला सुचली नाही याचेच नवल वाटते. वायू करणारे जंतू मूळचे जनावराच्या पोटातले. मग त्यांना जनावराने पचवून टाकलेला चोथा का घालावा, जनावराला घालतो तसे सकस अन्न का घालू नये? खराब झालेले धान्य, पीठ, पेंड, शिळे अन्न असे पिष्टमय पदार्थ थोडेसे घातले तरी त्यातून, शेणाच्या मानाने कितीतरी कमी वजनात व महिन्याऐवजी एक-दोन दिवसांत, पुरेसा वायू मिळतो असे त्यांनी दाखविले, आणि २००६ मध्ये त्यांच्या संस्थेला त्यासाठी अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. दारात जनावर नसलेल्या शहरी घराला यामुळे प्रथमच या विद्येत शिरकाव मिळाला.

हायड्रोजनचा प्रवेश येथे होतो. बंद टाकीत जे घडते ते एका दमात घडत नाही. प्रथम काही जंतू शर्करेचे विघटन करून असेटिक, ब्युटिरिक अशी आम्ले बनवितात, आणि त्या वेळी हायड्रोजन सुटतो. परंतु मिथेन करणारे सूक्ष्मजीव शेजारीच दबा धरून असतात व तो बाहेर पडण्यापूर्वीच गिळून टाकतात. म्हणून आपल्या साध्या टाकीतून हायड्रोजन कधी हाती लागत नाही. त्याला वाचवावयाचे तर दोन टाक्या करावयास हव्यात. पहिलीत रस आंबट ठेवून व मुक्काम थोडा ठेवून मिथेनकरांचा बंदोबस्त करावयाचा आणि हायड्रोजन काढून घ्यावयाचा, मग उरलेली आम्ले दुसरीत सोडून तेथे सावकाश मिथेन होऊ द्यावयाचा. पहिल्या टाकीवरच थांबणे परवडत नाही, कारण ग्लुकोजच्या एका रेणूतून हिशेबाने हायड्रोजनचे १२ रेणू निघावयास हवेत, तर हे जंतू फार झाले तर ४ देतात. बाकीचा ऐवज आम्लांतच अडकून राहतो आणि तो मिथेनवाटेच वसूल होतो. व्होल्टा यांनी ज्या दोन वायूंची फारकत केली त्यांना एका कारखान्यात असे क्रमाने नांदविण्याचे काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत, म्हणजे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, झाले आहे. तेथील संशोधकांनी भात, गहू, मका यांचे अवशेष रासायनिक वा उष्ण प्रक्रिया न करता थेट फोडणारा जंतुसमूह तयार केला असून त्यातून आधी हायड्रोजन व मागून मिथेन मिळतो.

विद्या म्हणून हे सारे स्तुत्य आहे. माझी शंका विद्येविषयी नाही, 'शेतातील टाकाऊ माल' या शब्दांविषयी आहे. टाकाऊ म्हणजे कोणाला टाकाऊ? पंजाबात भाताचा पेंढा शेतात जाळतात, कोकणात तोच पेंढा उडवी रचून गुरांसाठी राखतात. सोलापूर-मंगळवेढ्याकडे ज्वारीच्या कडब्याला कधीकधी दाण्याच्या तोडीचा भाव येतो, आणि १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसापुढे कडबा टाकीत घालण्याची गोष्ट काढण्याचे धाडस मी तरी करणार नाही. कपाशीच्या पऱ्हाट्यांची गोष्ट निराळी. बोंडअळीच्या भयाने त्या शेतातून काढून नष्ट करा असे कृषिखातेच सांगते. उसाचे पाचट या दोहोंच्या मध्ये आहे. हेक्टरी आठ-दहा टन निघणारे हे पाचट कित्येक वर्षे आपण पेटवून दिले, आणि अलीकडे कोठे खोडव्यात ते सरीत पसरून कुजविले तर जमीन सुधारते हे शेतकऱ्याला पटू लागले आहे. नेमक्या याच वेळी, २०१८ मध्ये केंद्र सरकारने दाबाखालच्या बायोगॅसची योजना काढल्यापासून, वायूचा कारखानदार पाचटाचा व साखर कारखान्यात रस गाळून उरणाऱ्या प्रेसमडचा गिऱ्हाईक म्हणून बांधावर येऊ पाहत आहे. जर्मनीने तर शेताच्या उरल्यासुरल्यावर न थांबता वायूसाठीच मका पेरला. नऊ हजारांवर कारखाने उभे राहिले, आणि जमिनी मक्याने व्यापल्या जातात असा ओरडा झाल्यावर २०१२ मध्ये टाकीत घालावयाच्या मक्यावर कायद्याने मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे उसाने पाणी व्यापल्याचा अनुभव ताजा असता हा मार्ग आपण धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाचटाचा व्यवहार मात्र टाळण्याचे कारण नाही. तो नीट लिहून घेतला पाहिजे. साखर कारखाना किंवा वायूची कंपनी पाचट उचलील तेव्हा वजनकाट्यावरचा भाव सांगून ती मोकळी होईल. पण टाकीतून निघणारी रबडी किती, ती कोणाच्या शेतात, कोणाच्या खर्चाने व किती दिवसांत परत पोचेल, हे कलम करारात असल्याशिवाय शेतकऱ्याने अंगठा वा सही करू नये. सहकारी कारखान्यात हे घडवून आणणे सभासदांच्या हाती आहे, आणि वाचकांपैकी जे कोणी अशा कारखान्याचे सभासद असतील त्यांनी येत्या वार्षिक सभेत तसा ठराव मांडावा.